दीडशेची रिग

इंदूर, रविवार रात्र

सकाळी पोहे-जिलबी आटोपली आणि मी स्कायडायव्हिंगची रिग, म्हणजे दोन पॅराशूट भरलेली बॅग, पाठीवर चढवली. जम्पसूट, हेल्मेट, बूट, सगळं घालून वजनकाट्यावर उभी राहिले. ८० किलो. आई लोणच्याच्या कैऱ्या फोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "आता कुठे निघालीस?" म्हटलं, कुठेच नाही, हिशोब करतेय.

ओळखीतल्या एका जम्परने त्याची रिग विकायला काढली आहे. मेन (मुख्य पॅराशूट) १५० चौरस फूट, रिझर्व्ह (राखीव) १४३, सोबत एएडी (वेळेला रिझर्व्ह आपोआप उघडणारं यंत्र), आणि किंमत अशी की नाही म्हणायला जिवावर यावं. माझी सध्याची कॅनोपी, म्हणजे पॅराशूटचं कापड, १९० चौरस फुटांची. ८० किलो म्हणजे १७६ पौंड (हा सगळा धंदा पौंड-फुटांतच चालतो, इलाज नाही). १७६ भागिले १९०, म्हणजे ०.९३. हे माझं विंग लोडिंग, दर चौरस फुटावर लटकणारं वजन. दीडशेवर तेच १.१७ होतं. कागदावर हा काही भयंकर आकडा नाही. ड्रॉपझोनवर, म्हणजे उड्यांच्या मैदानावर, १.३, १.४ वाली मंडळी निवांत चहा पीत बसलेली असतात आणि स्वूप करणारे (मुद्दाम सुसाट वेगाने जमिनीलगत उतरणारे) तर दोनच्याही वर असतात.

बाबांचा जन्म बँकेत गेला, त्यांना आकडे आवडतात. सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे लूनावरून बुलेटवर." मला ते पटलं नाही. बुलेटवर भीती वाटली तर ब्रेक मारून बाजूला उभं राहता येतं. कॅनोपीला थांबणं माहीत नाही. इंजिन नाही, त्यामुळे विमानासारखा दुसरा फेराही नाही. ३०० फुटांवर लक्षात आलं की आपलं गणित चुकलंय, तरी पुढच्या वीसेक सेकंदांत पाय जमिनीला लागणारच.

क्षेत्रफळ कमी झालं की तेवढंच वजन पेलायला कॅनोपीला जास्त वेगाने उडावं लागतं. १९० वरून १५० ला वेग साधारण साडेबारा टक्के वाढतो. ऐकायला किरकोळ. पण टेकताना जी ऊर्जा अंगात असते ती वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे सव्वापटीच्या थोडी वर. तीच गुडघ्यांनी, घोट्यांनी आणि नशीब वाईट असेल तर मणक्याने जिरवायची. आणि हे झालं सरळ उडतानाचं. छोट्या कॅनोपीच्या दोऱ्याही आखूड असतात, त्यामुळे टॉगल (वळायला आणि ब्रेकला ओढायची मूठ) तेवढाच ओढला तरी ती झटक्यात वळते आणि वळताना जास्त खाली झेपावते. म्हणूनच लोडिंग तेच असलं तरी १३५ आणि १९० या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हलक्या अंगाच्या मुलींना "तुझं लोडिंग तर एकच आहे, घे बिनधास्त" असं सांगून लहान कॅनोपीखाली लटकवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

दुपारी पंखा फुल्ल ठेवून आणखी एक हिशोब केला, जो मला कुणी सांगितला नव्हता. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच. बाहेर ४२ अंश. एवढ्या उन्हात इथली हवा पाच हजार फुटांवर असते तितकी विरळ होते. समुद्रकाठच्या थंड दिवसाशी तुलना केली, तर तीच कॅनोपी अशा हवेत आठेक टक्के जास्त वेगाने उडेल. १९० ऐवजी १७० घेतली तर वेग वाढतो जेमतेम सहा टक्के. म्हणजे माझ्या त्याच जुन्या १९० ने मे महिन्याच्या दुपारी माळव्यात उतरले, तर एक माप खाली उतरल्यापेक्षा जास्त फरक पडेल! अर्थात मेमध्ये इथे कोण उडी मारायला बसलंय. उज्जैनजवळ दतानाच्या हवाईपट्टीवर स्कायडायव्हिंग महोत्सव भरतो, पण तिथे बहुतेक सगळे टँडमवाले, प्रशिक्षकाला बांधून उडी मारणारे. माझ्या उड्या होतात परदेशात, हिवाळ्यात सलग थोडे दिवस, मग जमलं तर वर्षात आणखी एक खेप. बाकी सगळं वर्ष मी जमिनीवर.

खरी अडचण नेमकी ही आहे. ट्रिपच्या शेवटच्या दिवशीची मी आणि पुढच्या ट्रिपच्या पहिल्या दिवशीची मी, या दोन वेगळ्या बायका आहेत. पहिली दीडशे सहज उतरवेल. दुसरीला विमानाचं दार उघडलं की घशाला कोरड पडते आणि ती फ्लेअर (टेकण्याआधी दोन्ही टॉगल ओढून वेग मारणं) जरा लवकरच सुरू करते. शंभर उड्यांपर्यंत लोडिंग एकच्या आत ठेवा, मग दर शंभराला एक दशांश वाढवा, असा एक ठोकताळा आहे. त्यात उड्या मोजल्या जातात, मधले रिकामे महिने कुणी मोजत नाही. दर शनिवार-रविवार उडणाऱ्याच्या दोनशे उड्या आणि माझ्यासारखीच्या दोनशे उड्या एकाच भावाने कशा धरायच्या?

गेल्या खेपेची एक गोष्ट सारखी आठवते. उतरताना समोर एक नवशिका आडवा आला. मी साठेक फुटांवर असेन. डावा टॉगल थोडा ओढला, लगेच उजवाही अर्ध्यावर आणला, कॅनोपी न झुकता सपाट डावीकडे सरकली आणि तो उजव्या बाजूने निघून गेला. त्याच अर्ध्या ब्रेकवरून उरलेला फ्लेअर मारला आणि चार पावलं धावून उभी राहिले. विचार करायला वेळच नव्हता, जे केलं ते हातांनी केलं. या हातांना १९० चं माप पाठ झालंय. दीडशेखाली ते तेवढंच ओढतील, आणि कॅनोपी सपाट सरकण्याऐवजी डुबकी घेईल. या खेळात पूर्ण उघडलेल्या, धडधाकट कॅनोपीखाली माणसं मरतात ती बरीचशी अशीच, जमिनीजवळ टॉगल जोरात ओढून. तिथे एएडी काही कामाची नाही. ती साधारण ७५० फुटांवर, तेही ताशी सव्वाशे किलोमीटरने पडत असाल तर रिझर्व्ह उघडते. उघड्या कॅनोपीखाली केलेल्या वेडेपणाशी तिला देणंघेणं नाही.

रिझर्व्हचा विषय सहसा कुणी काढतच नाही. १४३ च्या रिझर्व्हवर माझं लोडिंग १.२३, म्हणजे मेनपेक्षाही जास्त. आणि रिझर्व्ह कधी लागणार? मेन बिघडली म्हणून कापून टाकली असेल, उंची कमी उरली असेल, खाली ओळखीचं मैदान नसून कुणाचं तरी शेत असेल तेव्हा. कदाचित मी शुद्धीवरही नसेन. मला सगळ्यात मोठी कॅनोपी हवी असते ती नेमकी त्या दिवशी. शिवाय दीडशेच्या कंटेनरमध्ये १९० कोंबली तरी मावणार नाही. पुढच्या ट्रिपला वाटलं की दोन दिवस मोठीवर काढावेत, तर ती सोयच नाही. स्वस्तात पडलेली बॅग पुढची काही वर्षं माझ्या वतीने निर्णय घेत राहील.

संध्याकाळी पुण्याहून आत्याचा फोन. तिला स्कायडायव्हर शीतल महाजनचं भारी कौतुक. २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली होती, ते आत्या आजही कालच घडल्यासारखं सांगते. "ती नऊवारीत मारते आणि तू कापडाचे फूट मोजत बसलीस!" मी म्हटलं, आत्या, नऊवारीचा काठ हँडलवर येऊ नये म्हणून तिनेही आधी बसून विचार केलाच असेल की. तिला ते पटलं नाही. मग विषय आंब्यांवर गेला.

रात्री त्या जम्परला कळवून टाकलं, रिग छान आहे, पण माझ्यासाठी नाही. त्याचा लगेच निरोप आला, "एवढी घाबरतेस?" उत्तर दिलं नाही. घाबरते, त्यात काय.

मोठीला कायमची कवटाळून बसायचं असंही नाही. १९० आता जड वाटते, जोराच्या वाऱ्यात जागच्या जागी लटकवून ठेवते, हे खरंच आहे. पण तिच्यावर अजून काही गोष्टी बाकी आहेत. मागच्या रायझरवर, म्हणजे टॉगलऐवजी खांद्यावरचे मागचे पट्टे ओढून, उतरणं मी फक्त उंचावर करून पाहिलंय, जमिनीपर्यंत नाही, आणि ब्रेकची दोरी तुटली तर तेच करावं लागणार. आडव्या वाऱ्यात उतरणं जमतं, पण दर वेळी ठरवलेल्या दहा मीटरच्या आत नाही. हे बसलं की १७० भाड्याने घ्यायची, तीही ट्रिपच्या शेवटी, हात चालू असताना. पाच हजार फुटांवर उडी मारून लगेच उघडायची आणि वरच खेळायचं. किती ओढल्यावर स्टॉल होते (उडणं सोडून कोसळते), नव्वद अंशाच्या वळणाला किती फूट जातात, आल्टिमीटर बघून लिहून ठेवायचं.

त्याआधी माझ्या रिझर्व्हची घडी करून घ्यायला हवी, मागच्या घडीला १८० दिवस होत आलेत. उद्या रिगरला फोन.