दोन प्रतींतले ‘पर्व’ : तेराव्या आठवड्याची नोंद

जूनच्या पहिल्या आठवड्यात एस. एल. भैरप्पा यांची ‘पर्व’ ही महाभारतावरची १९७९ची कादंबरी मूळ कन्नड आणि उमा कुलकर्णी यांचा मराठी अनुवाद अशा दोन प्रती शेजारी ठेवून वाचायला घेतली. आज कन्नड प्रत निम्म्याच्या थोडी पुढे गेली आहे. बेळगावजवळच्या खानापुरात वाढल्यामुळे कन्नड कानावर आहे, परंतु शिक्षण मराठीत झाल्याने अक्षराच्या पायाशी लटकणाऱ्या ओत्तक्षरांशी, म्हणजे जोडाक्षरातल्या खाली लिहिल्या जाणाऱ्या व्यंजनांशी, मी अजून अडखळतो. सुरुवातीला तासाला तीन पाने होत, आता आठ होतात.

उमाताई जन्माने बेळगावच्या. पती विरूपाक्ष यांनी वाचून दाखवलेले कन्नड ऐकून त्या अनुवाद करत आल्या, हे कळल्यापासून मीही शेजारच्या अक्कांना संध्याकाळी दोन पाने मोठ्याने वाचायची विनंती केली. त्या ‘तायी’ म्हणतात तेव्हा आई अभिप्रेत असते, पण माझ्या मनात क्षणभर थोरली बहीणच उभी राहते. ‘अण्णा’ मात्र तसाच्या तसा या भाषेतून त्या भाषेत येतो. इतक्या जवळच्या भाषांमध्ये अनुवादकाला अनोळखी शब्दापेक्षा ओळखीचा शब्दच अधिक चकवतो, हे मला या वाचनात प्रथमच नीट उमगले.

चमत्कार बाजूला ठेवून महाभारताकडे माणसांची गोष्ट म्हणून पाहणे, हे या कादंबरीचे बळ आहे. आरंभीच म्हातारा शल्य नातीच्या लग्नाची चिंता वाहताना भेटतो, आणि युद्ध त्या घरगुती काळजीच्या आडून हळूहळू जवळ येते. रणांगणावरच्या दुर्गंधीची वर्णने मराठीत आधीच वाचून झाली आहेत. ती वाचताना मला दोनदा पुस्तक मिटावे लागले, आणि कन्नडमध्ये ती पाने यायची आहेत याची आतापासून धाकधूक आहे. काही आत्मचिंतने मात्र दोन्ही भाषांत लांबली आहेत, असे माझे प्रामाणिक मत आहे.

यानंतर बानू मुश्ताक यांच्या कथा मूळ कन्नडमधून वाचणार आहे. दीपा भास्ती यांनी इंग्रजीत आणलेल्या त्यांच्या बारा कथांच्या संग्रहाला २०२५चे आंतरराष्ट्रीय बुकर मिळाले, आणि कथासंग्रहाला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. त्यांच्या कन्नडमध्ये उर्दू आणि दखनी मिसळलेली असते, आणि ती मिसळण बेळगावच्या बाजारात रोज ऐकणाऱ्या आम्हा लोकांना परकी वाटणार नाही, अशी मला मोठी आशा आहे.

त्याआधी दिवाळी अंक येतील. १९०९मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाने सुरू केलेल्या या परंपरेची वाट मी दरवर्षी श्रावणापासूनच पाहू लागतो. यंदा विक्रेत्याकडे चार अंकांची आगाऊ नोंदणी केली असून, हाती येताच प्रत्येकाच्या अनुक्रमणिकेत आधी कन्नडमधून आलेली कथा शोधणार आहे.