सांता बार्बराच्या कोर्टाची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा काउंटीच्या कोर्टात आई पायऱ्यांपाशीच अडकली. जिन्याच्या रंगीत टाइल्सवर हात फिरवत म्हणाली, "अगं, हे कोर्ट आहे की राजवाडा?" मी "हळू बोल" म्हणेपर्यंत एका बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. इथे आजही खटले चालतात, तेव्हा गप्पा बाहेर बागेत.

२९ जून १९२५ च्या भूकंपाने शहर पडलं, जुनं कोर्टही निकामी झालं. नव्याने बांधताना शहराने स्पॅनिश घाट धरला आणि १९२९ मध्ये विल्यम मूझर यांची ही इमारत उभी राहिली. पांढऱ्या जाड भिंती, लाल कौलं (आईला लगेच रत्नागिरी आठवली) आणि मुद्दाम राखलेला विस्कळीतपणा. एक खिडकी उंच, शेजारची बुटकी, कमानींचंही तेच. सगळं एकसारखं असतं तर पाच मिनिटांत बघून झालं असतं. आम्हाला दोन तास लागले.

भित्तिचित्रांची खोली चुकवू नका. ती दुसऱ्या मजल्यावर आहे, म्हणजे आपल्या हिशेबाने पहिल्या. हॉलिवूडसाठी काम केलेल्या डॅन सेयर ग्रोसबेकने चारी भिंती रंगवल्यात: १५४२ मध्ये स्पेनसाठी आलेल्या काब्रियो या दर्यावर्दीचं आगमन, मिशनची (स्पॅनिश धर्मप्रसारकांच्या मठाची) बांधणी, १८४६ मध्ये तेव्हा मेक्सिकोच्या ताब्यात असलेल्या या भागात आलेलं अमेरिकी सैन्य. रंग दिपवणारे आहेत, पण गोष्ट येणाऱ्यांची. मूळचे चुमाश लोक बहुतेक बघ्यांच्या भूमिकेत. मला ते खटकलं. छताकडे बघायला मान मागे टाकावी लागते, म्हणून आधी बाकावर जागा पकडा.

प्रवेश फुकट आहे. स्वयंसेवक माहिती सांगत फिरवतात, तेही फुकट. वेळा मात्र निघण्याआधी बघून घ्या. लॉस एंजेलिसहून रेल्वेने आलात तर स्टेशनपासून वीसेक मिनिटं चालायचं. शनिवार-रविवारी मागच्या खोलगट बागेत लग्नं लागतात, फोटोत परक्यांची वरात येणारच.

शेवटी ८५ फुटी घड्याळाच्या मनोऱ्यावर जा. गुडघे दुखणाऱ्यांसाठी लिफ्ट आहे. एकीकडे समुद्र, दुसरीकडे डोंगर, मध्ये नुसती कौलंच कौलं. वर वारा जोरात असतो, टोपी हातात धरा. माझी त्यातल्याच कुठल्यातरी कौलावर पडली आहे.