इस्रायल आळीतली रविवारची संध्याकाळ

अलिबागच्या समुद्रकिनाऱ्याविषयी मी फारसे लिहिणार नाही. सुटीच्या दिवसांत तिथे गाड्यांची आणि माणसांची इतकी झुंबड उडते की कुलाबा किल्ल्याकडे निवांत पाहत उभे राहणेही कठीण होते. ओहोटीला किल्ल्यात जाऊन आल्यानंतर आम्ही तिकडे पुन्हा फिरकलो नाही. मला सांगायचे आहे ते इस्रायल आळीतल्या मागेन अबोथ या सिनेगॉगविषयी, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळाविषयी, आणि तिथे ज्याची आठवण काढली गेली त्या तरुण मुलाविषयी.

आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो ते काका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले यहुदी. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश वाढला, असे मानणारा हा समाज. शनिवार हा यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस; त्या दिवशी तेलाचा घाणा बंद ठेवत म्हणून कोकणात त्यांना शनिवार तेली म्हणत. काकांचे थोरले भाऊ साठच्या दशकात इस्रायलला गेले आणि तिथेच स्थायिक झाले. त्या भावाचा नातू सक्तीची लष्करी सेवा संपल्यावर, तिकडचे अनेक तरुण येतात तसा, भारत पाहायला आला आणि थेट या घरी येऊन राहिला. ‘आजी, पुरे’ एवढे मराठी त्याला स्वच्छ येत असे, आणि तेही काकींचा वाढता हात थांबवण्यापुरते. मागच्या विहिरीवरचा रहाट करकरतो म्हणून त्याने तो उतरवला, घासूनपुसून त्यात ग्रीस भरले आणि पुन्हा बसवला. काकींनी मला तो फिरवून दाखवला. अजूनही त्याचा आवाज येत नाही.

सक्तीची सेवा संपली तरी तिथल्या तरुणांना पुढे कित्येक वर्षे राखीव सैनिक म्हणून बोलावले जाते. त्यालाही बोलावणे आले आणि त्या सेवेतून तो घरी परतला नाही. तिथल्या संघर्षाविषयी माझी मते काकांना ठाऊक आहेत आणि त्यांची मला. पण त्या संध्याकाळी तो विषय कोणीच काढला नाही, आणि ते योग्यच झाले असे मला वाटते.

त्याच्या मृत्यूचा वर्षदिन रविवारी आला होता. दिवंगतांसाठी म्हणायची कद्दिश ही प्रार्थना अरामी भाषेत आहे; तिच्यात मृत्यूचा उल्लेखही नाही, केवळ देवाची स्तुती आहे. मात्र ती म्हणायला तेरा वर्षांवरचे दहा यहुदी पुरुष हजर असावे लागतात. नऊ जण जमले होते. डोक्यावर टोपी घालून मीही मागच्या बाकावर बसलो होतो, पण माझी गणना त्या दहांत होऊ शकत नव्हती, आणि या गोष्टीचे मला तेव्हा जितके वाईट वाटले तितके क्वचितच कशाचे वाटले असेल.

दहावे गृहस्थ रेवदंड्याहून निघाले होते. अंतर जेमतेम १७-१८ किलोमीटर, पण परतणाऱ्या पर्यटकांच्या गाड्यांनी रस्ता तुंबला होता. वाट पाहताना काका सामाजी हसाजी दिवेकरांविषयी बोलले. कंपनीच्या फौजेतला हा अधिकारी टिपूच्या कैदेतून सुटला आणि १७९६ मध्ये त्याने मुंबईत मांडवीला आपल्या समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले. एकोणिसाव्या शतकात मुंबई फौजेत बेने इस्रायली सुभेदार पुष्कळ होते. “आमच्या घरांतून सैन्यात जाणे नवे नाही,” असे म्हणून ते दाराकडे पाहू लागले. तेवढ्यात काही पर्यटक मोबाईल उंच धरूनच आत शिरले आणि दिव्यांखाली उभे राहून एकमेकांचे फोटो काढू लागले. काकांनी हात जोडून त्यांना बाहेर नेले. माझा संताप अनावर झाला होता. काकांचा आवाज मात्र जराही चढला नाही.

अखेर दहावे गृहस्थ आपली गाडी चौलला सोडून, कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून पोहोचले. कोणी त्यांना उशिराचे कारण विचारले नाही. प्रार्थना काही मिनिटांतच संपली. शेवटच्या ‘आमेन’नंतर काकांनी त्या मुलाचे नाव पुन्हा एकदा, कोणाला उद्देशून नव्हे, असे उच्चारले, आणि बायकांच्या बाजूने काकींचा हुंदका ऐकू आला.

पुढच्या वर्षासाठी काकांनी ठाण्याच्या दोन भाच्यांना आतापासूनच सांगून ठेवले आहे. तिथी हिब्रू पंचांगाप्रमाणे पाळायची असल्यामुळे ती कामाच्या दिवशी येणार आहे, आणि तेव्हा दहा जण जमतील की नाही याची चिंता त्यांना आजच लागली आहे.