‘अंबड’चं टिंब

अंबड एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपच्या कामगारांचा कबड्डी संघ आहे. संघाची जर्सी आणि वर्कशॉपच्या फाटकावरची लोखंडी पाटी, दोन्हीकडे एकच अक्षर हवं होतं: जाडजूड, कोनदार, पत्र्यातून कापल्यासारखं. मी नाशिकरोडला बोर्ड-बॅनरची कामं करतो. स्वतः अक्षर घडवायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे काम मिळालं त्या रात्री झोप लागली नाही.

तयार फॉन्ट आधी पाहिले. इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘टेको’ मोफत मिळतो, देवनागरीत आहे आणि चांगला सरळसोट आहे. पण मालकांना छाटलेले कोपरे हवे होते. म्हणून इंग्रजी जर्सीवर असतात तशी, गोलाईच्या जागी ४५ अंशांत कोपरा छाटलेली अक्षरं समोर ठेवली आणि तोच नियम मराठीला लावला.

चार दिवस वाया गेले. ‘ड’ इंग्रजी एससारखा दिसू लागला. ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ एवढी जाड झाली की पोटच बुजलं. १ आणि ९ मैदानाच्या कडेवरून वेगळे ओळखू येईनात. इंग्रजी ‘ओ’चे चारही कोपरे छाटले तरी तो ‘ओ’च राहतो. आपला ‘ड’ किंवा ‘ळ’ मात्र वळून पुन्हा आत शिरतो आणि त्या वळणावरच ओळखला जातो.

शेवटी कॉम्प्युटर बंद केला, बोरू (तिरप्या टोकाची लेखणी) काढला आणि एकेक अक्षर हातभर मोठं लिहिलं. बोरू कुठे जाड उमटतो, कुठे बारीक होतो, कुठे वळतो ते पाहिलं. मग फक्त वळणावरच काप दिला, बाकी रेघांना हात लावला नाही. दोन दिवसांत ‘ब’ मोकळा झाला.

पाटी ३ मिमी पत्र्यात लेझरवर कापली. शिरोरेषेमुळे पूर्ण शब्द एकसंध निघतो, इंग्रजीसारखी सुटी अक्षरं एकेक करून बसवावी लागत नाहीत, हे बघून मला फार आनंद झाला. तेवढ्यात मिस्त्रींनी मशिनखालून एक तुकडा उचलून दाखवला. “दादा, हे टिंब पडलं. आता ‘अबड’ वाचायचं का?”

टिंबाला दांडी जोडून पाहिली, तर ते रफारासारखं वाटू लागलं. मग बोरूच्या कागदांकडे परत गेलो. बोरूचं टिंब गोल नसतंच, चौकोनी तुकडा टोकावर उभा केल्यासारखं पडतं. तेच टोक शिरोरेषेत थोडं रुतवलं. पुढची पाटी अखंड निघाली, आणि जर्सीवरही आता तेच टिंब आहे.

‘ळ’ मात्र अजून जमलेला नाही. संघातल्या एकाच्या आडनावात तो येतो. त्याचं नाव सध्या टेकोत छापलंय. माझा ‘ळ’ झाला की नवी जर्सी देईन, असं त्याला सांगून ठेवलंय.