मरोळच्या हॉटेलात वन्सं

मुंबईत आमची इतकी माणसं आहेत की त्या शहरात हॉटेलंही असतात हे लग्नानंतर माझ्या ध्यानातूनच गेलं होतं. डोंबिवलीला वन्सं, पार्ल्यात मामेसासरे, भांडुपला चुलतदीर. विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसण्याआधी प्रत्येकासाठी संत्रा बर्फीचा वेगळा डबा बांधायचा, दुपारचं जेवण कुणाकडे आणि रात्रीचं कुणाकडे हे नागपुरातच ठरवून घ्यायचं. त्यात एक घर राहिलं तर पुढच्या लग्नापर्यंत ऐकायचं.

यंदा मस्कतला लेकीकडे गेले होते. परतीचं तिकीट मस्कत-मुंबई-नागपूर, मुंबईत चारेक तासांचा थांबा. निघायच्या महिनाभर आधी मेल आला की संध्याकाळचं नागपूरचं विमान काढून टाकलंय, तुम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाचं दिलंय. झालं, रात्र मुंबईत.

आमचे हे बँकेतून रिटायर झालेले. नियम वाचण्याची त्यांना मनापासून आवड. फोनवर डीजीसीएचं, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचं, परिपत्रक वाचून दाखवलं. विमान २४ तासांहून जास्त लांबलं, किंवा रात्री ८ ते पहाटे ३ च्या दरम्यान सुटणारं विमान ६ तासांहून जास्त लांबलं, तर कंपनीनं हॉटेल द्यायचं. पण रद्द झाल्याचं दोन आठवडे आधी कळवलं असेल तर दुसरं विमान द्या नाहीतर पैसे परत करा, एवढ्यावर कंपनी सुटते. म्हणजे आपला हक्क नाही. "तरी मागून तर पाहा नं," हे म्हणाले. "तिकीट एकाच पीएनआरवर आहे, विमान त्यांनी बदललं, तू नाही." लेकीनं कॉल सेंटरला तासभर गाणी ऐकत लाइन धरली आणि हॉटेलचा मेल मिळवला. न मागता कुणी काही देत नाही, हे तुम्हीही लक्षात ठेवा. आणि मेलची प्रिंट जवळ ठेवा, कारण मुंबईच्या काउंटरवरच्या मुलीला कॉम्प्युटरवर माझं नाव सापडेना, कागद सापडला.

एक गोष्ट मला माहीत नव्हती. मस्कतला बॅगेवर थेट नागपूरचा टॅग लावला, तरी बॅग मुंबईत आपणच पट्ट्यावरून उचलायची. देशात जिथे पहिल्यांदा उतरतो तिथेच इमिग्रेशन आणि कस्टम. त्यामुळे रात्रीचे कपडे मोठ्या बॅगेत असूनही अडलं नाही. नागपूरचं विमान त्याच टर्मिनलवरून, टी-२ वरूनच होतं ते बरं, टी-१ असतं तर पहाटे सांताक्रूझच्या अंगाला जावं लागलं असतं.

काउंटरपाशी माझ्यासोबत गोरखपूरचा एक पोरगा होता, ओमानमध्येच सोहारला क्रेन चालवणारा. त्याचंही विमान सकाळचंच. पण त्याच्या एजंटनं मस्कत-मुंबई एक आणि मुंबई-गोरखपूर दुसरं, अशी दोन स्वतंत्र तिकिटं काढली होती. दोन तिकिटं म्हणजे कंपनीच्या लेखी त्याचा प्रवास मुंबईतच संपला. तो बिचारा खांद्यावर ब्लँकेटची पिशवी घेऊन खुर्च्या शोधत गेला. आमच्याच विमानातल्या, कोलंबोला निघालेल्या बाईंची आणखी वेगळी गत. त्यांना हॉटेल मंजूर होतं, पण भारताचा व्हिसा नाही, मग इमिग्रेशनच्या बाहेर येणार कशा? त्या आतच थांबल्या. चकटफू खोली कुणाला मिळेल हे असं तिकिटावर आणि पासपोर्टवर ठरतं, दमलेले सगळे सारखेच.

हॉटेल मरोळला, अंधेरी-कुर्ला रोडच्या आतल्या बाजूला. चौथा मजला. खिडकीतून घाटकोपर-वर्सोवा मेट्रोचा पूल दिसत होता. दाराला कार्ड लावलं, दिवे लागले, एसी सुरू झाला, आणि मी बुटांसकट पलंगावर आडवी झाले. मुंबईत आहे आणि कुणाच्या स्वयंपाकघरात "मी काही करू का?" विचारत उभी नाही! ती पंधरा मिनिटं कुणाला सांगून समजणार नाहीत. बादलीत पाणी भरून ठेवलंय का, आपल्यामुळे कुणी हॉलमध्ये झोपतंय का, काही नाही.

मग ह्यांनी फॅमिली ग्रुपवर टाकलं. 'मुक्काम मुंबई, हॉटेल कंपनीतर्फे.'

दोन मिनिटांत वन्संचा फोन. "घर असताना हॉटेलात? लोक काय म्हणतील, वहिनी?"

मी सांगितलं, सव्वासहाचं विमान आहे, डोंबिवलीहून निघायचं तर रात्री तीनला निघावं लागेल, तुमची सगळ्यांची झोपमोड. त्या काहीच बोलल्या नाहीत. वन्सं गप्प बसल्या की काळजी करावी. साडेसातला रिसेप्शनवरून फोन आला, "मॅडम, आपके गेस्ट आये हैं."

वन्सं. डोंबिवलीहून फास्ट लोकलनं घाटकोपर, तिथून मेट्रोनं मरोळ नाका, मग रिक्षा. हातात चार पुडाचा डबा. रिसेप्शनवर आधार कार्ड मागितल्याचा राग चेहऱ्यावर तसाच. आत येऊन त्यांनी आधी बाथरूम पाहिलं, मग कपाट, मग पडदा सरकवून बाहेर पाहिलं. गादी हातानं दाबून पाहिली. शेवटी म्हणाल्या, "बरी आहे गं खोली."

डब्यात गोळाभात होता. डोंबिवलीत चाळीस वर्षं काढली तरी माहेरची माणसं आली की वन्संच्या घरी गोळाभातच. फोडणीचं तेल औषधाच्या रिकाम्या बाटलीत वेगळं आणलेलं, हिंग-मोहरीचं, तळाशी लाल मिरचीचे तुकडे. ताटं नव्हती. चहाच्या ट्रेमधल्या दोन बशा घेतल्या, पांढऱ्या चादरीवर टॉवेल अंथरला, गोळे फोडले आणि वरून तेल सोडलं. टॉवेल पिवळा झाला तो झालाच. बुफेचं कूपन पर्समध्ये तसंच राहिलं. त्याचं मला काडीइतकं वाईट वाटलं नाही, जाताना डोकावले होते, पनीर तांबड्या रश्श्यात पोहत होतं.

नऊ वाजले, साडेनऊ वाजले. वन्सं उठेनात. त्यांनी गरम पाण्याच्या शॉवरखाली इतका वेळ अंघोळ केली की मी दार वाजवलं. त्यांच्या घरी सून, मुलगा, दोन नातवंडं आणि एक बाथरूम. केस पुसत म्हणाल्या, "एक जास्तीचं माणूस राहिलं तर किती घेतात, विचार बरं."

रिसेप्शनवाल्यानं आकडा सांगितला, ब्रेकफास्टसकट. मी पैसे काढायला लागले तर माझा हात धरला. "माझे मी देते." पदराआडून बटवा काढला, नोटा मोजून माझ्या हातात दिल्या. मग घरी फोन लावला, "वहिनीला एकटं कसं सोडू रे? परकं हॉटेल."

त्या रात्री आम्ही दोघी दीड वाजेपर्यंत बोललो. काय बोललो ते इथे लिहिणार नाही, दोन्हीकडची माणसं वाचतात.

पावणेचारला वेकअप कॉल आला, चारला गाडी. खाली मला खोक्यात नाश्ता मिळाला. केळं, मफिन आणि ज्यूसचा पुडा. निघताना वन्संना हलवलं तर त्यांनी पांघरूण डोक्यावर ओढलं. "चेकआउट बाराला आहे, मी विचारलंय. ब्रेकफास्ट दहापर्यंत असतो. तू नीघ."

नागपूरला विमान वेळेवर उतरलं. बाहेर हे उभे, हातात मोबाइल.

"अरे, तू आलीस कशी? आताच ताईचा फोन होता. तुझं विमान लांबलंय, तोवर ती हॉटेलात थांबून राहिली म्हणे."

"हो," मी म्हटलं, "त्यांना बराच वेळ थांबावं लागेल."