रॉसिनीची मास: पायपेटीचा गांधार आणि दोन हातपेट्या

इटालियन संगीतकार रॉसिनीच्या मासचा, म्हणजे ख्रिस्ती उपासनेच्या गायनरचनेचा, पहिला भाग, कीरिये, जुळला! रविवारी ठाण्यात पाचपाखाडीच्या हॉलमध्ये पियानो, पेटी आणि क्वायर एका सुरात आले. भाग संपल्यावर बासवाल्यांनीच (सगळ्यात खालच्या आवाजाचे पुरुष) "पुन्हा घेऊ या" म्हटलं. हे कसं सुटलं ते सविस्तर लिहिते, कारण ही मास, 'पेतित मेस सोलनेल', करायला घेणाऱ्या कुणालाही आपल्याकडे हाच अडथळा येणार.

ब्राम्सच्या रेक्विएमला (मृतांसाठीची गायनरचना) चार हातांची पियानो आवृत्ती आहे. ती मूळच्या ऑर्केस्ट्राची जागा घेणारी. रॉसिनीचं तसं नाही. १८६३ मध्ये त्याने लिहिलीच दोन पियानो, एक हार्मोनियम आणि बारा गायकांसाठी, आणि मार्च १८६४ मध्ये पॅरिसमधल्या एका खाजगी वाड्यात ती पहिल्यांदा गायली गेली. ऑर्केस्ट्रा त्याने १८६७ मध्ये स्वतःच चढवला, आपल्यामागे दुसऱ्या कुणी चढवू नये म्हणून. मला ती आवृत्ती जड वाटते. पेटीचा भाता जिथे आवाजासोबत फुगतो, तिथे व्हायोलिनचा ताफा नकोच. दुसरा पियानो मात्र आम्ही सोडला आहे. तो मुख्यतः भरगच्च जागी पहिल्याचीच साथ करतो, आणि आमच्या सोळा आवाजांना एक पुरतो.

अडलं ते हार्मोनियमवर. रॉसिनीच्या डोळ्यांसमोरची हार्मोनियम पायाने भाता मारायची, दोन्ही हात मोकळे ठेवणारी. तशी पायपेटी आपल्याकडे शोधली तर सापडते, कारण संगीत नाटकांनी ती जपली. नौपाड्यातल्या एका काकांकडे त्यांच्या वडिलांची आहे, नाटक कंपनीतली. काय तिचा आवाज! पहिला लांब सूर धरला तेव्हा आमच्या सोप्रानो (उंच आवाजाच्या बायका) वही मिटून ऐकत बसल्या.

आणि पियानो सुरू झाल्याबरोबर सगळं बिनसलं. पेटी गांधार ट्यूनिंगची, म्हणजे एकाच षड्जावरून शुद्ध स्वरांत लावलेली होती, षड्ज काळी एकला (पाश्चात्त्य सी शार्प). ज्यांनी सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) मोजले नसतील त्यांच्यासाठी हिशेब मांडते. काळी एकचा शुद्ध गांधार पियानोपेक्षा १४ सेंट उतरलेला असतो. काकांच्या गाण्याला तो अमृतासारखा. पण कीरिये ए मायनरमध्ये आहे, त्याचे आधारसूर पांढरी सहा, एक आणि तीन. पांढरी सहा या पेटीत कोमल धैवत, म्हणजे १४ सेंट चढी. पांढरी एक शुद्ध निषाद, १२ सेंट उतरी. पांढरी तीन कोमल गांधार, १६ सेंट चढी. पांढरी सहा ४४० हर्ट्झला लावलेल्या पियानोसोबत एकट्या पांढरी सहालाच सेकंदाला साडेतीन हेलकावे ऐकू येतात. क्वायरने कुणाचा सूर धरायचा? टेनर (वरच्या आवाजाचे पुरुष) पियानोकडे झुकले, आल्टो (खालच्या आवाजाच्या बायका) पेटीकडे.

सूर घासून घ्यावेत असं एकाने सुचवलं. पितळी पट्टीचं टोक घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो, काम दोन दिवसांचं. काका म्हणाले, "अगं, त्या सुरांना हात लावायचा नाही." मला ते शंभर टक्के पटलं. अशी लागलेली पेटी आता कोण लावून देणार?

मग उलट बाजूने विचार केला. डिजिटल पियानोत ट्यूनिंग बदलण्याची सोय असते, तर पियानोलाच काळी एकच्या शुद्ध स्वरांत आणावं. पेटी आणि पियानो जुळले खरे, पण ए मायनरचं तिसरं अंतर (पांढरी सहा ते पांढरी एक) सुमारे २७५ सेंटचं झालं, शुद्ध कोमल गांधाराला हवेत ३१६. कानाला ते सहनच होत नाही. भाड्याच्या ऑर्गनचीही चौकशी केली. मुंबईतल्या एका दुकानाने फोटो सुंदर पाठवले, प्रत्यक्षात खालच्या सप्तकातले निम्मे सूर मुके.

तोडगा निघाला तो आमच्या आल्टोमधल्या एका भजनी मंडळवालीमुळे. ती म्हणाली, "ताई, पेटीवाले दोघं बसवले तर?" हार्मोनियमचा भाग दोन हातांचा, हातपेटीवर एक हात भात्यात अडकतो, मग दोन पेट्या, दोन वादक! वरचा भाग एकाने, खालचा दुसऱ्याने. साध्या साडेतीन सप्तकांच्या डबल सुराच्या (प्रत्येक पट्टीला दोन सूर, एक खर्जाचा) पेट्या समान ट्यूनिंगच्या, म्हणजे पियानोसारख्या बाराही सूर सारख्या अंतरावर लावलेल्या, सहज मिळतात. खालच्या पेटीवर फक्त खर्ज उघडा ठेवायचा आणि लिहिलेलं एक सप्तक वर वाजवायचं. डाव्या हाताचा भाग आता उजव्या हाताने वाजतो, म्हणून बोटांचे आकडे सगळे नव्याने लिहावे लागले. ते काम मी मनापासून केलं.

याचा एक फायदा अनपेक्षित निघाला. लांब सुरात एकाच्या भात्याचा झोल दुसऱ्याचा भाता झाकतो, दोघांनी मुद्दाम वेगवेगळ्या वेळी भाता मारायचा. शिवाय खालचा आवाज वाढवून वरचा तसाच ठेवता येतो, जे एका भात्याच्या वाद्यावर इतकं सहज जमत नाही.

पेटी आणताना एक करा: पांढरी सहा ४४० दाखवते एवढ्यावर समाधान मानू नका, बाराही सूर ट्यूनरवर तपासा. एका सुरावरून ट्यूनिंग कळत नाही. माझं मत जुन्या जर्मन सुरांच्या (पितळी पट्ट्यांच्या) बाजूने आहे, पण खर्जाला गुजरातमधल्या पालीताण्याचे सूरही छान भरदार बोलतात.

हे लिहितानाच एक सुचतंय. कीरियेचा मधला भाग, क्रिस्ते, तर वाद्यांशिवाय आहे, सी मायनरमध्ये. तालमीत ते अर्धा स्वर चढवून काळी एकवर घेतलं तर काकांची पायपेटी षड्ज-पंचमाला धरता येईल, आणि शुद्ध कोमल गांधार क्वायरच्या कानात बसेल. मग पेटी काढून मूळ पट्टीवर उतरायचं. या रविवारी मासचा क्रुचिफिक्सुस हा भाग घेणार होतो, तो पुढे ढकलते. काकांना आजच फोन करते.

त्यानंतर 'कुम सांक्तो स्पिरितू'ची फ्यूग (एकच सुरावट आवाज एकामागून एक उचलतात तो भाग). तिथे आल्टोला आणखी दोन आवाज हवेत. ठाणे–वाशी लोकलच्या मार्गावर कुणी असेल तर तालीम रविवारी सकाळी, स्कोअर आम्ही देऊ. आणि खर्ज वेगळा उघडणारी एखादी चांगली पेटी कुणाकडे असेल तर कळवा, आमच्याकडची महिनाअखेरीस परत करायची आहे.