बसायला येता का?

"रविवारी सकाळी बसायला येता का?"

हा प्रश्न कोल्हापुरात अनोळखी माणसाला विचारायचा, तोही बाईमाणसाने, म्हणजे काय होत असेल याची कल्पना करा. गेली सहा वर्षं मी तो विचारते आहे. दूधवाल्याला विचारलाय, गल्लीतल्या शिंप्याला विचारलाय, एटीएमच्या दारात खुर्ची टाकून बसलेल्या वॉचमनला विचारलाय. पहिली तऱ्हा ठरलेली. माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून मागे बघतो, आणि आवाज खाली आणून म्हणतो, "सकाळी सकाळी?"

'बसणे' या साध्या क्रियापदाचं आमच्याकडे पार मातेरं झालंय, त्याला माझा इलाज नाही. शब्द बदलून बघितले. 'मॉडेल' म्हटलं तर शिंपीकाका लाजले आणि मोबाइल काढून पुण्यातल्या भाच्याचे गॉगलवाले फोटो दाखवायला लागले, "ह्याला घ्या की, ह्यो शोभंल." 'चित्र काढायचंय' म्हटलं तर वॉचमनने दुसऱ्या दिवशी दोन पासपोर्ट फोटो आणून दिले. शेवटी परत 'बसायला'. निदान त्या शब्दाला माणूस थांबतो तरी.

आमचा दहा-बारा जणांचा गट आहे. पेठेतल्या एका तालमीच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही दर रविवारी साडेसात ते साडेनऊ माणूस काढतो. मध्ये एक स्टूल, त्यावर कुणीतरी बसलेलं, भोवती आम्ही मांडीवर बोर्ड घेऊन. वेळ साडेनऊपर्यंतच, कारण त्यानंतर निम्म्या पुरुषांना मटणाच्या रांगेत उभं राहायचं असतं आणि त्या रांगेपुढे कला वगैरे काही चालत नाही. प्रत्येकी शंभर रुपये. त्यातून बसणाऱ्याचे सहाशे, हॉलचं भाडं आणि चहा. उरलेच तर खडू आणि चिकटपट्टी. गटाची मी काय म्हणायची ते कुणी ठरवलेलं नाही. किल्ली माझ्याकडे असते आणि चहावाल्याची उधारी माझ्या नावावर असते, एवढं खरं.

आधी एकेका मिनिटाच्या दहा पोझ. हात सैल व्हावा म्हणून. मग पाच-पाच मिनिटांच्या चार, आणि शेवटी वीस-वीस मिनिटांच्या दोन. मधल्या विश्रांतीनंतर बसणारा नेमका त्याच जागी यावा म्हणून त्याच्या पावलांभोवती खडूने रेघ मारून ठेवायची. एकदा हॉल पुसायचा राहिला. सोमवारी तालमीतली पोरं वर आली आणि फरशीवर माणसाच्या पायांच्या आकृत्या बघून खाली जाऊन वस्तादांना विचारायला लागली, रात्री वर पंचनामा झाला का म्हणून.

तालमीची पोरं हाताशी असणं हे आमचं मोठं भाग्य. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ चं, पण तिथेसुद्धा जिवंत माणूस उघडा समोर ठेवून काढायचा लाइफ क्लास सुरू व्हायला १९१९ च्या सुमारास प्राचार्य म्हणून कॅप्टन सॉलोमन यावे लागले. तोवर पोरं बराच काळ ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती काढून माणूस शिकत होती. आपल्याकडे आजही हा विषय निघाला की लोक घसा खाकरतात. कोल्हापुरात मात्र एक सोय आहे. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधलेल्या खासबाग मैदानात हजारो लोक लंगोटातल्या दोन शरीरांकडे डोळ्यांत तेल घालून बघत बसतात आणि 'पट बघ, पाठ बघ' म्हणत घरी जातात. बायका-पोरांसकट अख्ख्या गावाला शरीर वाचता येतं. लंगोटातला पैलवान स्टुलावर बसला तर हॉलच्या खालून जाणारा एकही माणूस भुवई उंचावत नाही. उलट वर येऊन सांगतो, "खांदा बारीक काढलायसा त्याचा."

असाच एक पैलवान आला होता. पंचविशीचा असेल. पहाटे चारला उठून मेहनत झालेली, अंघोळ झालेली, तरी अंगाला हौद्यातल्या लाल मातीचा वास. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू असं काय काय कालवलेलं असतं. तो वास कातडीतून जात नाही म्हणतात आणि ते खरं असावं. पहिल्या वीस मिनिटांनंतर उठला आणि मांड्या चोळत म्हणाला, "ताई, हजार बैठका परवडल्या."

मग तो सगळ्यांचे कागद बघत फिरला. हा प्रकार मला आवडतो. बसणाऱ्याला कागद बघायचा हक्क आहे, हा आमचा एकमेव नियम. आमच्यात एक मुलगी आहे, जे. जे.च्या प्रवेश परीक्षेची तयारी करणारी, हात अतिशय स्वच्छ. तिच्या कागदासमोर तो बराच वेळ उभा राहिला. मग कागदावर बोट न टेकवता, टेकवल्यासारखं करून म्हणाला,

"ह्यो कान कुणाचा?"

"तुमचाच की."

"न्हाई." त्याने मान वळवून स्वतःचा कान पुढे केला. मुडपलेला, पाकळ्या एकमेकींत मिसळून गेलेला, कुणीतरी कणकेचा गोळा दाबून लावावा तसा. "ह्यो बघा माझा. आठ वर्षं लागली असा हुयाला. तुमी एका मिनिटात सरळ केलासा."

मुलगी कानापर्यंत लाल झाली. तिने कान काढला होता तो पुस्तकातला. बाहेरची कड, आतली कड, खालची पाळी, सगळं बिनचूक. समोर माणूस बसलाय, त्याचे दोन्ही कान कुस्तीत मोडलेत, आणि तिने एकदाही वर बघितलं नव्हतं. तिला काय बोलणार, मी माझा कागद हळूच पालथा घातला. माझ्याही कागदावर तोच पुस्तकी कान होता, फक्त तिच्याइतका चांगला नव्हता. बारा जणांत कान बरोबर आला होता तो एकाचाच. पेंटरकाकांचा.

पेंटरकाका म्हणजे बोर्ड रंगवणारे. या गावात 'पेंटर' हे जवळजवळ आडनावच आहे. चित्रकार आणि सिनेमावाले बाबूराव पेंटर मूळचे मेस्त्री, पण आता ते कुणाच्या लक्षात आहे? आमच्या काकांनी दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या पाठी, निवडणुकीच्या भिंती, थिएटरचे बॅनर, सगळं रंगवलं. मग फ्लेक्स आला आणि एका वर्षात ब्रश खुंटीला गेला. आता मुलाचं मोबाइल कव्हरचं दुकान आहे, त्यात बसतात. (हे बसणं वेगळं.) त्यांची पद्धत सगळ्या शिकवणुकीच्या उलटी. आम्ही आधी हलक्या हाताने सगळ्या शरीराचा झोक पकडतो, मग डोकं एकक धरून पेन्सिलीने मोजतो, साडेसात डोकी म्हणजे एक माणूस. काका एका डोळ्यापासून सुरुवात करतात. आधी एक डोळा पुरा, पापणीसकट. मग त्याला धरून नाक, मग दुसरा डोळा, असं करत माणूस कागदावर उतरत खाली येतो आणि पाय बरोबर कागदाच्या कडेला संपतात. कसं जमतं विचारलं तर म्हणाले, "चाळीस फुटी हिरो काढताना परांचीवर चढल्यावर त्याचं तोंडच दिसतंय नव्हं. पाय खाली हायत हे ध्यानात ठेवायचं." आणि कान? "बॅनरवर कान चुकला तर हिरोचा चाहता दगड मारायचा. बघूनच काढायची सवय लागली."

त्यांच्या खिशात एक ओळंबा असतो, गवंड्याचा असतो तसा, फक्त लहान. बसणाऱ्याच्या हनुवटीखाली तो कुठे पडतो ते डोळा मिटून बघतात. उभ्या माणसाचं सगळं वजन एका पायावर गेलं की त्या बाजूचा खुबा वर जातो आणि खांदा खाली येतो. शाळेत हे आम्हाला चार तासिकांत शिकवलं होतं. काकांनी दोरी धरून एका मिनिटात दाखवलं आणि वर म्हणाले, "बस स्टॉपवर बघा, सगळी अशीच उभी असत्यात. इठोबा तेवढा दोन्ही पायांवर."

बायका बसायला मिळणं सगळ्यात अवघड. पैशाचा प्रश्न नसतो, 'लोक काय म्हणतील'चा असतो. बाबूरावांनी १९२० मध्ये आपल्या पहिल्या चित्रपटात बायकांच्या भूमिका बायकांकडूनच करून घेतल्या तेव्हा त्यांना किती उंबरे झिजवावे लागले असतील, याचा अंदाज मला आता येतो. माझी पहिली बाई कपिलतीर्थ मंडईतली भाजीवाली आजी. मी भीत भीत विचारलं, तर म्हणाली, "बसतो की. हितं काय दुसरं करतो मी?"

आली ती कोथिंबिरीचं पोतं घेऊनच. मी म्हटलं, आजी, नुसतं बसायचंय. तर तिला ते पटेचना. सहाशे रुपये घेऊन नुसतं कोण बसतं? एक गुडघा उभा, एक मांडी आडवी, दुकानावर बसते तशी बसली आणि कोथिंबीर निवडायला लागली. तोंडही चालू. सुनेपासून ते मंडईतल्या गाळ्यापर्यंत. माझ्या पोटात गोळा आला, कारण हात हलत राहिले तर काढायचे कसे. पण दहा मिनिटांनी एक गोष्ट दिसायला लागली. काडी उचलायची, चिमटीत धरायची, पिवळं पान खुडायचं, जुडीत ठेवायचं. हात त्याच चार जागी परत परत येत होते. एकेका जागेची वाट बघत बसलं की तो हात पुन्हा येणारच. त्या दिवशी सगळ्यांचे चेहरे फसले, पण हात असे आले की आजही कुणाला हात जमत नसले की आम्ही त्याला म्हणतो, कोथिंबीर आण. जाताना आजीने सगळ्यांना एकेक जुडी दिली आणि दहा-दहा रुपये घेतले.

पावसाळ्यात सगळ्याची दशा होते. कागद सादळतो, कोळसा धरत नाही, नुसता घसरतो. रविवारी सकाळी मी आधी राजाराम बंधाऱ्याची पातळी बघते. पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला गेली की नदीकडच्या गल्ल्यांतले चौघे येत नाहीत. ४३ फूट, म्हणजे धोक्याची पातळी ओलांडली की हॉलमध्येच कुणाची तरी कपाटं आणि गाद्या येऊन पडतात. मग गणपती. तेव्हा हॉल मंडळाचा. तिथे सजीव देखाव्याची तालीम चालते आणि पेठेतली तीच पोरं, जी माझ्यासमोर पाच मिनिटं नीट बसत नाहीत, मावळे होऊन तलवार उगारून अर्धा अर्धा तास हलत नाहीत. मी एकदा तक्रार केली, तर एक मावळा म्हणाला, "ताई, तिथं टाळ्या पडत्यात."

आणि कागद. सहा वर्षांचे कागद. दर रविवारी माणशी वीसएक रेखाटनं, त्यातलं ठेवण्यासारखं महिन्यातून एखादं. माझ्या पलंगाखाली गठ्ठे आहेत, आईच्या पलंगाखाली गठ्ठे आहेत. शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार आबालाल रहिमान कोटीतीर्थ तळ्याच्या काठी राहायचे. शाहू महाराज १९२२ मध्ये गेल्यावर त्यांनी आपली चित्रं त्या तळ्यात सोडून दिली, असं कोल्हापुरात सांगतात. लहानपणी ऐकलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. आता आई झाडू घेऊन पलंगाखाली वाकली की ती गोष्ट मला थोडी वेगळ्या बाजूने समजते. तिची सूचना रद्दीवाल्याची आहे. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

या सगळ्यात आमचा हुकमी एक्का म्हणजे निवृत्त हवालदारकाका. गार्ड ड्युटीत आयुष्य गेलेलं. बसले की बसले. माशी नाकावर बसली तरी पापणी हलत नाही. पाय बधिर होतो का विचारलं तर म्हणतात, "होतो. होऊ द्यायचा." एकच अडचण, त्यांनी घरात सांगितलेलं नाही. फिरायला जातो म्हणून येतात. हसतील म्हणाले घरचे.

मागच्या शनिवारी रात्री नऊला ठरलेल्या माणसाने कळवलं, जमत नाही, पाहुणे आलेत. माझ्या तोंडात घास होता. हवालदारकाकांचा मोबाइल बंद लागला. मग मी कधी नव्हे तो त्यांच्या घरचा नंबर शोधून लावला. काकूंनी उचलला.

"काका आहेत का? उद्या सकाळी बसायला येतील का, एवढंच विचारायचं होतं."

पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग काकू अगदी शांतपणे म्हणाल्या, "त्यांनी सोडलंय. दोन वर्षं झाली. माळ घातलीय."

"नाही हो काकू, तसं नाही, आम्ही बारा जण असतो, तालमीच्या वर..."

"तालमीच्या वर?" काकूंचा आवाज चढला. "बाई, देवाला तरी भ्या."

मागून काकांनी कुणाचा फोन म्हणून विचारलेलं ऐकू आलं. काकूंनी काय सांगितलं ते कळलं नाही, फोन ठेवला होता.

रविवारी स्टुलावर मी बसले. सहा वर्षं मी येईल त्याला सांगत आले होते की वीस मिनिटं काय, चुटकीसरशी जातात. माझा उजवा पाय सातव्या मिनिटाला गेला. पेंटरकाका दोरी धरून एक डोळा मिटून माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "ताई, हलू नका. आत्ता कुठं डोळा झालाय."